हरळी, लव्हाळा आणि वखराची पाळी



आपल्या परतूर भागातल्या काळ्या रानात तण दोन जातींचं. एक तण बियांवर जगतं. पावसाळ्यात उगवतं, फुलतं, बी टाकतं आणि मरतं. तांदुळजा, दुधी, गाजरगवत ही सगळी त्यातलीच. बी धरण्याआधी उपटलं की त्या झाडाचा तरी निकाल लागतो. दुसरं तण मात्र जमिनीच्या पोटात घर करून बसतं. हरळी, लव्हाळा, कुंदा, बरू आणि नदीकाठचा कांस ही ती मंडळी. वरचा पाला कापला, जाळला, गुरांनी खाल्ला, तरी खाली काशा आणि गाठी जिवंतच असतात. आठ-पंधरा दिवसांत पुन्हा हिरवं! अशा तणांना बहुवार्षिक तणं म्हणतात.

जो शेतकरी सेंद्रिय ज्वारी किंवा सेंद्रिय गहू पिकवतो, त्याला या तणांवर औषध मारता येत नाही. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या नियमात रासायनिक तणनाशक बसत नाही. मग पहिला प्रश्न हाच येतो, "औषधाशिवाय लव्हाळा जाईल कसा?" प्रश्न रास्त आहे. पण आजची तणनाशकं दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आली आणि ज्वारी या मातीत शेकडो वर्षं पिकते आहे. त्या सगळ्या काळात आपल्या मागच्या पिढ्यांनी ही तणं काबूत कशी ठेवली, कुठे त्यांना यश आलं आणि कुठे हार खावी लागली, हे नीट पाहिलं तर आजचं उत्तर त्यातच सापडतं.

शत्रूची ओळख

इतिहासाकडे वळण्यापूर्वी या तणांचा स्वभाव समजून घेऊ.

लव्हाळ्याच्या मुळाशी काळ्या, सुगंधी गाठी असतात. आयुर्वेदात हिलाच मुस्ता म्हणतात. वैद्याला ती औषध, कुणब्याला ती डोकेदुखी. या गाठी दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. माळ सलग असेपर्यंत बहुधा टोकाचीच गाठ कोंब काढते, बाकीच्या झोपून राहतात. पण औत घालून माळ तोडली की झोपलेल्या गाठी जाग्या होतात आणि प्रत्येक गाठ आपला कोंब वर काढते. म्हणूनच एकदा वखरून सोडून दिलेल्या रानात लव्हाळा पूर्वीपेक्षा दाट दिसतो. शेतकरी म्हणतो, "वखरलं आणि उलटं वाढलं." त्याचं म्हणणं खरं आहे. मात्र कारण असं की काम अर्ध्यावर सुटलेलं असतं.

कोंब वर आला की सुरुवातीला तो गाठीतला साठा खातो. पानं मोठी झाली, ऊन मिळालं की साधारण तीन-चार आठवड्यांनी तो खाली नव्या गाठी भरायला लागतो. म्हणजे पहिले तीन आठवडे लव्हाळा उसनवारीवर जगतो आणि त्यानंतर कमवायला लागतो. हे तीन आठवडे ध्यानात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याभोवतीच फिरते.

हरळी म्हणजे आपण गणपतीला वाहतो ती दूर्वा. ती जमिनीवरून धावते आणि जमिनीखालूनही धावते. खालच्या गाठाळ खोडांना आपण काशा म्हणतो. काशीच्या प्रत्येक पेरावर डोळा असतो. एका काशीचे दहा तुकडे केले तर ओल मिळताच त्या दहा तुकड्यांची दहा झाडं होतात. पण हरळीचे दोन कच्चे दुवे आहेत. उघड्यावर पडलेली काशी कडक उन्हात आठ-पंधरा दिवसांत वाळून मरते, आणि दाट सावलीत हरळी तग धरत नाही. सावलीचा हा दुवा लव्हाळ्यालाही लागू आहे.

कुंदा भारी काळ्या रानातला. त्याच्या मुळ्या नांगराच्या फाळाखाली जातात, म्हणून तो साध्या औताला दाद देत नाही. बरू ज्वारीचाच भाऊबंद असल्यामुळे लहानपणी ज्वारीत ओळखू येत नाही आणि ओळखू येईपर्यंत काशा पसरून मोकळा होतो.

ही आपल्या गावापुरतीच अडचण आहे असं समजू नका. १९७७ साली जगभरातल्या तणांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी सगळ्यांत त्रासदायक तणांची क्रमवारी लावली. तिच्यात लव्हाळा पहिला आला आणि हरळी दुसरी.

निजामाच्या अमदानीतलं रान

परतूर तालुका आज जालना जिल्ह्यात आहे. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, त्याआधी परतूर परभणी जिल्ह्यात होतं, आणि १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सारा जमिनीवर बसत असे, पिकावर नव्हे. रानात ज्वारी उभी असो की कुंदा, सारा चुकत नसे. तणाने खाल्लेलं रान कुणब्याला दोन्हीकडून मारायचं. दाणा मिळत नसे आणि देणं सुटत नसे. म्हणून तणाचा बंदोबस्त हा त्या काळी घरच्या अब्रूचा प्रश्न होता.

त्या वेळी हाताशी दोन मुख्य औतं होती. एक लाकडी नांगर, दुसरा वखर.

भारी काळ्या रानात लाकडी नांगर ओढायला एक बैलजोडी पुरत नसे. दोन, तीन, कधी चार जोड्या जुंपाव्या लागत. इतकी बैलं एका घरी कुठून असणार? म्हणून सावड करायची, इर्जिक घालायची. शेजारपाजारचे शेतकरी आपापली बैलं घेऊन येत, एकाचं रान सगळे मिळून नांगरत आणि ज्याचं रान त्याच्याकडे जेवण होई. खर्च मोठा आणि बैलांना त्रासही मोठा, त्यामुळे काळं रान दरवर्षी नांगरलं जात नसे. मुंबई इलाख्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरांतही दख्खनच्या काळ्या जमिनीबद्दल हेच लिहिलेलं आहे: नांगर काही वर्षांतून एकदा, वखर मात्र दरवर्षी. हरळी-कुंद्याने रान धरलं की नांगराची पाळी येई. नांगरानेही हटला नाही तर कुदळीने कुंदा खणून काढत. एकेका बेटाभोवती माणसं दिवसच्या दिवस राबत.

वखराचं काम वेगळं. त्याची लोखंडी पास दोन-तीन इंच खोल चालते आणि तणाची मान जमिनीखाली कापते. एक जोडी पुरते आणि दिवसाकाठी बरंच रान उरकतं. आता मुख्य गोष्ट ऐका. आपल्याकडे भारी रान रब्बी ज्वारीसाठी राखून ठेवायची चाल होती. मृगापासून हस्तापर्यंत त्यात पीक नसे. पाऊस पडला, उघडीप मिळाली, वाफसा आला की वखर. पुन्हा पाऊस, पुन्हा वाफसा, पुन्हा वखर. पेरणीपर्यंत चार, पाच, सहा पाळ्या होत.

बाहेरचा माणूस बघून म्हणायचा, "चार महिने रान रिकामं ठेवलंय." पण ते रान रिकामं नव्हतं. त्या चार महिन्यांत पाणी मुरत होतं आणि लव्हाळ्याची उपासमार चालू होती. गाठीने कोंब काढावा, तो कमवायला लागण्याआधीच वखराने कापावा, गाठीने पुन्हा साठ्यातून कोंब काढावा, तो पुन्हा कापला जावा. सहाव्या पाळीपर्यंत गाठीच्या पोटात काही उरत नसे. त्यात रब्बीची थंडी. लव्हाळा आणि हरळी ही उन्हाची तणं, थंडीत त्यांची वाढ मंदावते. अशा थकलेल्या तणात ज्वारी पेरली की ती सहज वर निघून जाई.

आपल्या आज्या-पणज्यांचा वाटाही इथे सांगायला हवा. वखर जिथे पोचत नाही, म्हणजे ओळीत, बांधाच्या कडेला, झाडाच्या बुडाशी, तिथे खुरपं घेऊन बसायच्या त्या बायाच. जुनी पद्धत बैलाच्या आणि बाईच्या अशा दोघांच्या कष्टावर उभी होती.

लोखंडी नांगर आला

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवायला घेतला. १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर त्यांनी कारखाना हलवला, तीच आजची किर्लोस्करवाडी. सुरुवातीला शेतकरी हा नांगर घ्यायला तयार नव्हते. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, असा समज होता. पण नांगर एकदा रानात चालला आणि खालची माती पलटी होऊन काशा वर आलेल्या दिसल्या, तेव्हा समज गळून पडला. लाकडी नांगर माती फाडतो, लोखंडी नांगर ती उलटी करतो. हरळीसाठी हा फरक मोठा आहे, कारण उलटी झालेली काशी उन्हात पडते.

पुढे हा नांगर मराठवाड्यातही आला. हैदराबाद संस्थानाने १९१८ साली परभणीला शेतीचं प्रयोगक्षेत्र सुरू केलं. आजचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ त्याच परंपरेतलं, त्याची स्थापना १९७२ ची. उन्हाळी नांगरट करा, ढेकळं तापू द्या, काशा वेचा, हा सल्ला तेव्हापासून आजपर्यंत शेतीखात्याच्या प्रत्येक पत्रकात दिसतो आणि तो बरोबर आहे. पण त्यातून एक गैरसमज रुजला. शेतकऱ्याला वाटलं, नांगर जेवढा खोल तेवढं तण कमी. खोल नांगरट हरळीला आणि काही अंशी कुंद्याला लागू पडते. लव्हाळ्याला एकटी नांगरट मारत नाही. ती फक्त माळ तोडून गाठी सगळीकडे पसरवते.

अलाबामाचा प्रयोग

लव्हाळ्याचा हिशेब आकड्यांत मांडला गेला तो अमेरिकेत. दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यात कापसाच्या रानांना लव्हाळ्याने घेरलं होतं. तिथल्या संशोधन केंद्रात स्मिथ आणि मेटन या दोघांनी १९३० च्या दशकात प्रयोग सुरू केले. आजच्यासारखी तणनाशकं तेव्हा नव्हती. त्यांनी एवढंच पाहिलं, की औत किती दिवसांच्या अंतराने फिरवलं म्हणजे लव्हाळा संपतो. उत्तर मिळालं: तीन आठवड्यांच्या आत पाळी चुकू न देता दोन हंगाम औत चालवलं तर गाठी संपतात. अंतर वाढलं की मधल्या काळात नवी गाठ तयार होते आणि केलेलं काम वाया जातं.

आपल्या वखराच्या पाळ्यांशी हे ताडून बघा. मृग ते हस्त, प्रत्येक वाफशाला एक पाळी, वर्षामागून वर्ष. आपल्या कुणब्याने अंतर दिवसांत मोजलं नव्हतं, नक्षत्रांनी आणि वाफशाने मोजलं होतं. पण हिशेब तोच.

कांसाविरुद्ध ट्रॅक्टर

खोल नांगरटीची सगळ्यांत मोठी मोहीम आपल्या देशातच झाली, ती कांसाविरुद्ध. बुंदेलखंडात, म्हणजे झाशी-बांदा-हमीरपूरच्या काळ्या रानात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कांसाने गावंच्या गावं धरली. दुष्काळात बैलं मेली, शेती पडीक पडली आणि पडीक रानात कांस शिरला. एकदा शिरल्यावर उरलेल्या अशक्त बैलांना तो नांगरता येईना. शेतकरी गाव सोडून गेले. बैलं गेली की तण येतं आणि तण आलं की माणूस जातो, असा तो फेरा होता.

स्वातंत्र्यानंतर देशात धान्याची टंचाई होती. सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन नावाची संघटना उभी केली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी फौजेने मागे टाकलेले ट्रॅक्टर आधी कामाला लावले. मग १९४९ साली जागतिक बँकेकडून शेतीच्या यंत्रांसाठी एक कोटी डॉलरचं कर्ज घेतलं आणि साखळीच्या चाकांचे भारी ट्रॅक्टर आणले. मध्य प्रदेशात, भोपाळ भागात, उत्तर प्रदेशात कोरड्या दिवसांत फूटभर खोल नांगरट करून कांसाच्या मुळ्या उन्हात उघड्या पाडल्या. मोठं रान पुन्हा लागवडीखाली आलं.

पण यातही गोम होती. ट्रॅक्टर एकदा येऊन जायचा. पुढची दोन-तीन वर्षं ते रान सलग कसणं हे शेतकऱ्याच्या अंगावर होतं. उरलेला कोंब जो वेचील, दरवर्षी मशागत जो करील, त्याचं रान मोकळं राहील. जो पडीक टाकील, त्याच्याकडे कांस परत येईल. यंत्राने सुरुवात करून दिली, शेवट मात्र पाळ्यांनीच व्हायचा.

फवाऱ्याचा काळ

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास टू-फोर-डी हे तणनाशक निघालं. पुढे १९५० च्या दशकाच्या शेवटी ॲट्राझिन आलं. १९६४ मध्ये ज्वारीचं पहिलं संकरित वाण, सीएसएच-१, प्रसारित झालं आणि खतं, औषधं, फवारा ही भाषा गावात शिरली. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. टू-फोर-डी रुंद पानाच्या तणाला मारतं, हरळी गवत आहे म्हणून ती वाचते. ॲट्राझिन पेरणीनंतर लगेच फवारतात, ते बियांतून उगवणाऱ्या तणाला अडवतं, पण लव्हाळ्याच्या गाठीला त्याचं फारसं काही वाटत नाही. म्हणजे ज्वारीत फवारा वापरणाऱ्यालाही बहुवार्षिक तणासाठी मशागत चुकली नव्हती.

१९७४ साली बाजारात आलेलं ग्लायफोसेट मात्र मुळापर्यंत जातं. पण ते पिकालाही मारतं, उभ्या ज्वारीत चालत नाही. त्याच्या धोक्यांबद्दल जगभर वाद झाले. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंधाची अधिसूचना काढली. सेंद्रिय शेतीत तर ते मुळीच चालत नाही.

या काळातली खरी उलथापालथ फवाऱ्याने झाली नाही, ती गोठ्यात झाली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात चाऱ्यावाचून जनावरं गेली. पुढे चराई घटली, गडी मिळेना, लाल कंधारी आणि देवणी बैलांच्या जोड्या दावणीवरून उतरत गेल्या. १९९० नंतर सोयाबीन पसरलं, २००२ नंतर बीटी कापूस आला. खरिपात मोकळं ठेवायचं रान आता सोयाबीन-कापसाखाली गेलं. रोकड पैसा मिळतो, त्यामुळे ते स्वाभाविकच होतं. पण त्याबरोबर मृग ते हस्त या चार महिन्यांतली लव्हाळ्याची उपासमार थांबली. पीक दाटल्यावर औत आत जात नाही, मजूर मिळत नाही आणि लव्हाळा पावसाळाभर गाठी भरत बसतो.

त्यात भर पडली रोटाव्हेटरची. रान भुसभुशीत दिसतं, काम झटपट होतं. पण हिरव्या हरळीत रोटा फिरवणं म्हणजे तिच्या कांड्या कापून शेतभर लागण करणं आहे. ऊस आपण तशाच तर लावतो! रोट्याच्या पात्यांना गुंडाळलेल्या काशा मग एका शेतातून दुसऱ्या शेतात फुकट प्रवास करतात.

तेव्हा बंधूंनो, या सगळ्या इतिहासाचा निचोड असा: बहुवार्षिक तण एका घावात कधीच मेलं नाही. लाकडी नांगराने नाही, लोखंडी नांगराने नाही, साखळीच्या ट्रॅक्टरनेही नाही. ते मेलं ते उन्हाने आणि वेळेवर पडणाऱ्या पाळ्यांनी. आपण खोली विकत घेतली आणि पाळ्या सोडून दिल्या, म्हणून ते परत आलं.

आता करायचं काय?

सगळं रान एकदम धरू नका. ज्या तुकड्यात तण सर्वांत जास्त आहे असा अर्धा-एक एकर निवडा. त्या तुकड्यात एक खरीप सोयाबीन घेऊ नका. त्या हंगामाचं उत्पन्न जाईल, हे आधीच हिशेबात धरा. घरचा खर्च सांभाळून जेवढं झेपेल तेवढंच रान घ्या.

१. मार्च-एप्रिल. रब्बीचं पीक निघताच, रानात थोडी ओल असतानाच आठ-दहा इंच नांगरट करावी. उशीर झाला तर काळं रान दगडासारखं होतं. ढेकळं फोडू नयेत, तशीच तापू द्यावीत. पाणी मुळीच देऊ नये. दोन-तीन आठवड्यांनी वखर किंवा दात्यांचं औत घालून काशा वर ओढाव्यात, वेचून कडक जागेवर पसराव्यात. पूर्ण वाळून काटकी झाल्याशिवाय उकिरड्यावर टाकू नयेत. हिरवी काशी बांधावर टाकणं म्हणजे चोराला ओसरीवर निजवणं.

२. मे. अवकाळी पाऊस झाला की काशा आणि गाठी फुटतात. घाबरू नका, ही संधी आहे. फुटवा दिसताच एक पाळी द्यावी.

३. जून ते सप्टेंबर. दर पंधरा ते वीस दिवसांनी वाफशावर दोन-तीन इंच खोल पाळी द्यावी. लव्हाळा पाच-सहा पानांचा होईपर्यंत थांबू नये. पास धारदार असावी, बोथट पास तण कापत नाही, वाकवून पुढे जाते. बैल नसतील तर छोट्या ट्रॅक्टरच्या मागे वखराची पास लावून घ्यावी, पण रोटा लावू नये. झड लागून वाफसाच आला नाही तर एखादी पाळी चुकणारच. अशा वर्षी पुढच्या उघडिपीला पहिलं काम तेच.

एक सावधगिरी हवी. उघडं काळं रान मोठ्या पावसात वाहून जातं. जुन्या चालीतला हा दोष होता, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पाळ्या नेहमी उताराला आडव्या द्याव्यात आणि बांध-बंदिस्ती आधी दुरुस्त करावी.

४. रान उघडं ठेवायचं नसेल तर दाट सावलीचं पीक घ्यावं. जूनमध्ये ताग दाट पेरून पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, फुलावर येताना, जमिनीत गाडावा. जनावरं असतील तर कडवळ दाट पेरून कापून घ्यावं. खाली ऊन पोचलं नाही की लव्हाळा आणि हरळी दोघंही पिवळी पडतात. हे पीक निघाल्यावर पेरणीआधी दोन पाळ्या तरी द्याव्यातच. तागामुळे रानाला हिरवळीचं खत मिळतं तो फायदा वेगळा.

५. रब्बी ज्वारी. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मालदांडी किंवा परभणी मोती यांसारखं वाण दीड फुटाच्या ओळीत पेरावं, म्हणजे कोळपं फिरतं. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करावी. तिने तण जातं, भेगा बुजतात आणि ओल टिकते. ओळीतलं उरलेलं तण खुरप्याने गाठीसकट काढावं.

६. गहू. पेरणीआधी रान ओलावून घ्यावं. वाफसा येऊन तण उगवलं की एक पाळी देऊन ते मारावं आणि मगच गहू पेरावा. ओळीत पेरलेल्या गव्हात हाताचं सायकल कोळपं चालतं. पहिल्या महिन्यात ते एक-दोनदा फिरवलं की पुढे गहू स्वतःच जमीन झाकतो.

७. बांध. हरळीचं माहेर बांध. शेतातली हरळी काढली आणि बांधावरची ठेवली तर दोन पावसाळ्यांत ती परत आत येते. बांधाच्या कडेने वर्षातून दोनदा कुदळीने चर मारून आत आलेल्या काशा तोडाव्यात. बांध मात्र खरवडून उघडा करू नये, तो फुटेल. भाड्याने आणलेलं औत शेतात घालण्याआधी त्याला चिकटलेल्या काशा आणि माती काढून घ्यावी.

८. कुंदा. थोडीच बेटं असतील तर नांगराची वाट बघत बसू नये. उन्हाळ्यात बेटं खणून काढावीत आणि पहिल्या पावसानंतर त्याच खड्ड्यांवर फेरी मारावी. राहिलेली मुळी तिथूनच डोकं काढते.

हे सगळं एक वर्ष करून लगेच ताळा मांडू नका. पहिल्या वर्षी तण जास्त दिसेल, कारण झोपलेल्या गाठी जाग्या होतील. तेव्हाच बरेच जण कंटाळून सोडतात, आणि तण जिंकतं ते नेमकं तिथे. दुसऱ्या वर्षी कोंब बारीक आणि विरळ होतात. तिसऱ्या वर्षापासून खरीप पीक पुन्हा घ्यायला हरकत नाही, पण पाळी-कोळपणी चालू ठेवूनच. दर चार-पाच वर्षांनी तो तुकडा पुन्हा एक खरीप मोकळा किंवा तागाखाली ठेवावा.

शेवटी सावडीबद्दल. इर्जिक घालून रान नांगरणारी माणसं परक्याचं काम फुकट करत नव्हती. शेजाऱ्याच्या रानातली हरळी उद्या आपल्या रानात येणार, हे त्यांना कळत होतं. आज बैलं नाहीत, पण पाच-सात जणांनी मिळून एक छोटा ट्रॅक्टर, एक चांगली वखराची पास आणि दोन सायकल कोळपी ठेवली तर एकट्याचा भार हलका होतो आणि वाफसा गाठता येतो. वाफसा दोन-तीन दिवसांचाच असतो. त्या दोन-तीन दिवसांत कोणाचं रान आधी आणि कोणाचं नंतर, हे पाऊस पडण्याआधीच बसून ठरवा. पाळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि वीस दिवस उलटण्याआधी औत बाहेर काढा.